अंगठाभर जुना सरस

अंबूताई म्हैसकर बार्शीहून मिरजेला आल्या तेव्हा त्यांच्या तंबोऱ्यात कुणीतरी राहत होतं.

"पाहुणा आहे आत," गवसणीची नाडी सोडत त्या नसीमाला म्हणाल्या. "न विचारता आलाय, आणि आल्यापासून नुसता खातोय."

नसीमानं मोबाइल भोपळ्याच्या पोटाला लावला. २०४७ सालच्या मोबाइलच्या कानालाच डोळे असतात. आवाज आत नेमका कुठून येतो त्याचं तो चित्र काढून दाखवतो. पडद्यावर भोपळ्याची साल उमटली आणि त्या सालीतून गेलेल्या बारीक पांढऱ्या वाटा दिसल्या, परातीतल्या पिठात बोट ओढावं तशा. प्रत्येक वाटेच्या टोकाशी एक ठिपका हलत होता. कुर्र, कुर्र.

"भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत, मावशी. तेवीस. साल आतून निम्मी पोखरलीय आणि वरून तारांचा ताण. महिना टिकेल. फार तर दीड."

"मग उघड की!" अंबूताई म्हणाल्या. डब्याचं झाकण काढ म्हणावं इतक्या सहज.

नसीमानं मोबाइल खाली ठेवला. खाटेवर तिचे वडील इलाहीबक्ष बसले होते. शहात्तर वर्षांच्या त्या कारागिरानं आपला उजवा अंगठा डाव्या मुठीत लपवला.

अकरा वर्षांपूर्वी हा तंबोरा नसीमानंच बंद केला होता. पुन्हा कधी उघडायची वेळच येऊ नये, असा.

*

तंबोरा म्हणजे भीमाकाठचा एक भोपळा आणि तुणीच्या लाकडाची दांडी. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते, तबलीवर घोडी, घोडीवरून तारा. आणि या सगळ्यांना एकमेकांशी धरून ठेवतो तो सरस.

इलाहीबक्षांच्या घरात तीन पिढ्या सरस घरीच शिजला. कातड्याची कात्रणं चुन्याच्या पाण्यात भिजवायची, सात पाण्यांनी धुवायची, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर ठेवायची. उकळी येऊ द्यायची नाही. उकळला की सरसाचा जीव जातो. वास असा, की गल्लीतली मांजरं आशेनं यायची आणि नाक मुरडून जायची.

कातड्यात तीन पदरी पीळ घातलेले प्रथिनांचे दोर असतात. आच लागली की पीळ सुटतो, दोर मोकळे होतात, लाकडाच्या बारीक रंध्रांत शिरतात. गार होताना ते पुन्हा एकमेकांना मिठी मारू पाहतात आणि त्या मिठीत लाकूडही सापडतं. पण ज्या उबेनं मिठी पडली ती ऊब हे दोर विसरत नाहीत. ऊन पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर ठेवलं की हळूहळू सैल होतात.

म्हणून जुना तंबोरा उघडता यायचा. दहा-बारा वर्षांनी लोक आपापली वाद्यं घेऊन मिरजेला यायचे. उघडायला एक दिवस, आतली डागडुजी करायला एक, बंद करून वाळायला दोन. ते चार दिवस पाहुणा इलाहीबक्षांच्या घरीच मुक्कामाला. बंद करण्याआधी भोपळ्याच्या आत पेन्सिलीनं लिहायचं: साल, उघडणाऱ्याचं नाव, आणि पाहुण्याला काय जेवू घातलं ते. ही रीत नसीमाच्या आजोबांची, बाबूमियाँची. "गाणं पोटातनं येतं," ते म्हणायचे, "मग पोटात काय गेलं ते ल्हिवून ठेवाया नगं?"

त्यांची आणखी एक रीत होती. सरसाचं भांडं कधी रितं करायचं नाही. तळाशी उरलेला जुना सरस अंगठ्यानं काढून नव्यात मिसळायचा, दुधाला विरजण लावतात तसा. इलाहीबक्ष आठ वर्षांचे असल्यापासून हे करत आले होते.

अंबूताईंचा हा तंबोरा त्यांच्या आईसाठी बाबूमियाँनी १९७१ साली घडवला. इलाहीबक्ष जन्मले तेही त्याच साली. "मी आन् ह्यो जुळं भाऊ," ते म्हणत. "फरक येवढाच, त्याचं पोट उघडता येतं." अंबूताई बार्शीला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. मोठ्या मैफिलींच्या गायिका नव्हेत. पण जात्यावरच्या ओव्यांचं त्यांना वेड. मुक्कामाला आल्या की नसीमाची आई हमीदा पाट्यावर चटणी वाटायची आणि अंबूताई शेजारी बसून तिच्या हाताच्या लयीवर ओवी जोडायच्या. लहानगी नसीमा मांडीवर.

भीमेच्या काठी बाई, वेल मांडवी चढली
फळातून रिती झाली, तवा सुराला लागली

*

नसीमा पुण्याला गेली आणि चिकटणाऱ्या पदार्थांचं रसायनशास्त्र शिकली. अब्बांच्या आणि आज्याच्या सरसाच्या वासाचंच शास्त्र, ती हसून म्हणे.

कोकणात समुद्रातल्या खडकांवर शिणाणे नावाचे शिंपले असतात. भरतीच्या लाटा त्यांना थपडा मारून जातात, पण शिंपला जागचा हलत नाही. त्याच्या धाग्यातलं प्रथिन पाण्याखालीसुद्धा दगडाला धरतं. ते प्रथिन नसीमानं यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलं, एकही शिंपला न मारता, आणि त्यात धावड्याचा डिंक मिसळला. तेव्हा तिनं न मागितलेलं एक नवल घडलं. डिंकाचे लांब रेणू घड्या घालून बसलेले असतात. कंपन झालं की घडी उलगडे, आणि उलगडलेलं प्रत्येक टोक शेजारच्या प्रथिनाशी नवी गाठ मारी. म्हणजे वाद्य जितकं वाजेल तितका सांधा घट्ट! तिनं त्याचं नाव ठेवलं नादसरस. वास नाही, चाळीस मिनिटांत वाळणार, आणि कधीही न सुटणार. तसं प्रमाणपत्रच तिला मिळालं.

२०३६ साली अंबूताई आल्या तेव्हा तिनं सगळ्यांत आधी त्यांचाच तंबोरा हाती घेतला. मायेनंच. मावशींना वारंवार प्रवास पडू नये म्हणून. इलाहीबक्षांनी नादसरस वाटीत घोटून दिला, नसीमानं तो सुईनं कडेकडेनं भरला, आत छापील चिठ्ठी डकवली आणि तबली दाबून बसवली. हमीदा जाऊन पाच वर्षं झाली होती. चाळीस मिनिटांनी अंबूताईंनी तार छेडली, वा म्हणाल्या आणि दुपारच्या गाडीनं परत गेल्या. जेवल्यासुद्धा नाहीत.

त्यानंतर नादसरसानं बंद झालेली ब्याण्णव वाद्यं त्या घरातून बाहेर पडली. एकही परत आलं नाही. परत येण्याचं कारणच उरलं नव्हतं. आधी पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर गेल्या, मग मोठा तवा भिंतीला टांगला गेला. अंबूताई दिवाळीला व्हिडिओवर दिसायच्या. दर वर्षी थोड्या वाकलेल्या, थोड्या मोठ्यानं बोलणाऱ्या.

*

"औषधाची वाफ सोडून अळ्या मारता येतील," नसीमा आता सांगत होती. "पण पोखरलेल्या सालीला आतून कापडाचं अस्तर लावलंच पाहिजे. नाहीतर ताणानं भोपळा बसेल. आणि आत जायचं तर तबली कापावी लागेल. सांधा लाकडापेक्षा घट्ट झालाय. ओढला तर लाकूड फाटेल, तो नाही सुटणार. नवी तबली घालू या. मी स्वतः निवडेन लाकूड."

अंबूताईंनी कानातलं यंत्र काढून खाटेवर ठेवलं.

"यातून मला सगळं ऐकू येतं बरं का. कुकरची शिट्टी, रिक्षा, जावयाचे विनोद. सूर तेवढा येत नाही. दोन सुरांतला फरक गेला." त्यांनी तंबोरा जवळ ओढला, दांडी कानशिलाला टेकवली आणि चारी तारांवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे मिटले. सुरकुत्यांतून एक पाच वर्षांची मुलगी डोकावून गेली. "हाडातून येतो तो असा. शाळेतले तीन तंबोरे लावून पाहिले. नुसती गुणगुण येते. याचाच सूर येतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांची ओळख आहे माझ्या हाडाची याच्याशी. तबली बदललीस की…"

त्यांनी यंत्र पुन्हा कानात घातलं.

"चहा कर बाई. साखर घाल चांगली."

नसीमा उठली तसे इलाहीबक्षही लगबगीनं उठले. "मी करतो की चहा!"

"अब्बा, तुम्ही गेल्या दहा वर्षांत चहा केलेला नाही."

"म्हणून तर. आज करतो."

"बसा खाली."

फळीवरचा चहाचा डबा तिनं उचलला आणि थबकली. डब्यामागे एक तांब्याचं भांडं होतं, बाहेरून काळं कुळकुळीत, आतून मधाच्या रंगाचं. तळाशी ताजा सरस थिजलेला, आणि त्यात अंगठ्याएवढा एक खळगा. भांडं घेऊन ती बाहेर आली.

"हे काय आहे?"

"भांडं हाय," इलाहीबक्ष म्हणाले.

"हे मी टाकून द्यायला सांगितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी."

"टाकलं की. चहाच्या डब्यामागं."

अंबूताईंना ठसका लागला.

"यात ताजा सरस आहे, अब्बा!"

"महिन्यातनं एकदा शिजवतो. तू प्रयोगशाळेत गेलीस की. खिडक्या उघड्या ठेवतो, तुला वास येऊ नये म्हणून."

"पण कशासाठी?"

इलाहीबक्षांनी मूठ सोडली आणि आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले. नखाच्या कडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरसानं पिवळ्या.

"तू रागावशील, बेटा."

"रागावलेच आहे. सांगा."

"तुझा नादसरस वाटीत घोटायला माझ्याकडंच द्यायचीस. तवा ह्यातला अंगठाभर त्यात जायचा. मुद्दाम न्हाई गं! पयल्यांदा हातच गेला. सत्तावन्न वर्षं त्याच वाटेनं गेलेला हात एका दिसात कसा थांबल? सांगणार हुतो, पर तू येवढी खुशीत हुतीस. आन् मग वाटलं, नवा सरस आपल्या घरात आलाय. घरातलं कुणीतरी त्याला भेटाया नगं का?"

"किती वाद्यांत?"

"समद्यांत."

"ब्याण्णव?"

"बाईंचा धरून त्र्याण्णव."

नसीमा जमिनीवरच बसली. तिचं प्रमाणपत्र शुद्ध नादसरसाचं होतं. आणि शुद्ध नादसरसानं बंद झालेला तंबोरा अख्ख्या जगात एकही नव्हता! अकरा वर्षं ती परिषदांमधून जे ठासून सांगत आली ते एका अंगठ्यानं कधीच खोडून टाकलं होतं. तिला संताप आला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. आणि त्या पाण्याच्या मागून, तिच्या मनाविरुद्ध, एक विचार वर आला.

जुना सरस ऊब विसरत नाही.

"मावशी," तिनं विचारलं, "दोन दिवस राहाल?"

"मी चार दिवसांचे कपडे आणलेत," अंबूताई म्हणाल्या. "तुझ्या घरी कमी कधी राहिलेय का? तेवढं मागच्या खेपेचं सोड."

*

प्रयोगशाळेत कंपनाचं टेबल होतं. त्यावर दोन दिवसांत काही वर्षांचं वाजणं भरून काढता येई. नसीमानं तुणीच्या पट्ट्या जोडल्या, निम्म्या शुद्ध नादसरसानं, निम्म्या अंगठाभर जुना सरस घातलेल्या. अंगठा इलाहीबक्षांचाच, त्याचं माप कुठल्या चमच्याला जमेना. दोन दिवसांनी ऊन ओलं फडकं ठेवलं तेव्हा शुद्ध जोड जागचा हलला नाही. दुसरा सावकाश सुटला, आणि लाकूड शाबूत.

सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं. शिंपल्याच्या प्रथिनांनी विणलेल्या जाळ्यात जुन्या सरसाचे बारीक मणी अडकून राहिले होते. मण्यांच्या जागी जाळ्याला गाठी मारता आल्या नव्हत्या. ऊब आणि ओल मिळताच मणी फुगून मऊ होत, आणि टपालाच्या तिकिटांमध्ये भोकांची ओळ असावी तशी सांध्यातून एक वाट तयार होई.

"पण पट्ट्या गात नाहीत," संध्याकाळी जेवताना तिनं दोघांना सांगितलं. "अकरा वर्षं गायलेल्या सांध्याची खात्री मी देऊ शकत नाही. उघडता उघडता मध्येच अडकला तर तबली उभी फाटेल. मग काहीच उरणार नाही. कापायला घेतला तर निदान भोपळा आणि दांडी नक्की वाचतील."

अंबूताईंनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

"नसू, तू मला विचारतेयस की सांगतेयस?"

"विचारतेय."

"मग उघड. हातानंच जोडलाय, हातानंच सुटू दे. करवत नको."

इलाहीबक्षांचे हात आता थरथरत. सांध्यात घालायची बांबूची पट्टी नसीमालाच धरायची होती. लहानपणी तिनं वडिलांना शंभरदा पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन आलं तेव्हा त्यांनी तंबोरा गादीवर आडवा ठेवला. तारा उतरवल्या, घोडी काढली. इलाहीबक्षांनी भोपळ्यावर पालथा तळवा ठेवला; आत काय चाललंय ते त्यांना तिथून कळे. अंबूताईंनी यंत्र काढून ठेवलं आणि कपाळ दांडीला टेकवलं. नसीमानं फडकं पिळलं, सांध्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. तासाभरानं तिनं बांबूची पातळ पट्टी कडेला लावली.

पट्टी तांदळाच्या दाण्याएवढी आत गेली.

"जाऊ दे. सावकाश," इलाहीबक्ष कुजबुजले.

कुणी सांगितलं नव्हतं, पण अंबूताई ओवी गुणगुणू लागल्या. भीमेच्या काठी बाई. नसीमाचा हात त्या लयीवर आला: फडकं, पट्टी, फडकं, पट्टी. डावी कड सुटली. खालची गोलाई सुटली. उजव्या कडेला, दांडीच्या जवळ, पट्टी थांबली. नसीमानं किंचित रेटली.

टक्.

ओवी थांबली. अंबूताईंनी डोकं उचललं नाही. पण आवाज त्यांच्या हाडात गेला होता, हे त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"तबली गेली?" त्यांनी विचारलं.

नसीमाचा हात पट्टीवरच थांबला. इलाहीबक्षांचा तळवा भोपळ्यावर सरकला, थांबला, ऐकत राहिला.

"न्हाई गेली. ताणलीय. जोर नगं, बेटा. पट्टी काढ. तिथं लई वाजलाय त्यो, म्हणून हटून बसलाय. ऊब दे त्याला. हाताची."

नसीमानं पट्टी बाजूला ठेवली. ऊन पाण्यात दोन्ही हात बुडवले आणि ओले तळवे त्या जागेवर ठेवून बसली. गार झाले की पुन्हा बुडवायचे. इलाहीबक्षांनी आपला थरथरता हात तिच्या हातांवर ठेवला. अंबूताईंनीही, डोकं न उचलता, एक हात चाचपडत आणून त्यावर ठेवला. ऊन सरकत तुळशीच्या कुंडीपाशी गेलं.

मग तंबोऱ्यानं उसासा टाकला. लांबून चालत आलेली बाई उंबऱ्याशी टेकताना टाकते तसा. आणि तबली त्यांच्या हातात आली.

"सुटला," अंबूताई म्हणाल्या. त्यांनाच आधी कळलं होतं.

आत भुसा होता, अळ्या होत्या, पोखरलेल्या वाटा होत्या. आणि मधल्या शाबूत सालीवर पेन्सिलीच्या ओळी. नसीमा वाचत गेली.

१९८२. बाबूमियाँ. मटकीची उसळ, भाकरी.

१९९३. बाबूमियाँ, इलाही. पिठलं. बाईंनी दोनदा घेतलं.

२००७. इलाहीबक्ष. वांग्याचं भरीत. हमीदाचा हात चांगला आहे.

त्याखाली अक्षर बदललं होतं. गोल, जरा उजवीकडे कललेलं. नसीमानं ते सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं.

२०१८. वरणफळं. मी केली म्हणून मीच लिहिते. नसू बाईंच्या मांडीवर झोपली.

२०२७. पुरणपोळी. नसू पुण्याला शिकायला. तिच्या वाट्याची बाईंना वाढली.

आणि सगळ्यात खाली २०३६ ची छापील चिठ्ठी: कायम बंद. पुढे जेवणाची जागाच नव्हती.

नसीमानं आईच्या अक्षरावरून, न टेकवता, बोट फिरवलं. हे अक्षर तिनं स्वतः कायमचं बंद केलं होतं, न वाचता. त्या दिवशी तिचं लक्ष सुईवर होतं. इलाहीबक्ष म्हणाले, "तिला भारी वाटायचं, बाईंच्या तंबोऱ्यात आपलं नाव गातं म्हणून."

अंबूताईंनी डोळे पुसले आणि लगेच दटावलं. "रडता काय दोघं? अळ्या वेचा आधी. पाहुण्यांना बाहेर काढा, मग घरचे बसू."

*

अस्तर लागलं. तबली बसवायची वेळ आली तेव्हा नसीमानं नादसरसाची वाटी वडिलांपुढे केली. इलाहीबक्षांनी वाटी खाली ठेवली. मग त्यांनी तांब्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

"आता तुझा अंगठा."

तिनं अंगठाभर सरस काढला. ऊन होता, वास तसाच. मांजर दारात येऊन नाक मुरडून गेलं.

बंद करण्याआधी तिनं छापील चिठ्ठी खरवडून काढली आणि पेन्सिल घेतली. २०४७. नसीमा. मग अंबूताईंकडे वळली. "काय लिहू?"

"काल आमटी होती. खारट झाली होती. खरं ते लिही."

तिनं खरं ते लिहिलं.

नादसरस चाळीस मिनिटांत वाळला, पण आतल्या अस्तराला दोन दिवस लागले. तारा चढल्या, अंबूताईंनी दांडी कानशिलाला लावली, डोळे मिटले. सूर आला, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मग त्या तिथल्या तिथे जोडलेली ओवी गायल्या, मोठ्यानं, जरा बेसूर. त्यांना स्वतःला मात्र ती हाडातून सुरात ऐकू येत होती:

उबेनं धरला बाई, उबेनं सोडला
सोडला म्हणून सखे, पुन्हा गं जोडला

त्याच दुपारी नसीमानं प्रमाणपत्र परत करण्याचं पत्र लिहिलं. नादसरस उघडतो, कसा उघडतो, आणि हा शोध तिचा नसून वडिलांच्या अंगठ्याचा आहे, असं स्वच्छ लिहिलं. नंतर माळ्यावरून गाद्या काढून उन्हात टाकल्या, भिंतीवरचा तवा उतरवून घासला, आणि उरलेल्या ब्याण्णव घरांना एकच निरोप पाठवला:

"तुमचं वाद्य उघडता येतं. आम्हालाही आताच कळलं. सवडीनं घेऊन या. चार दिवस लागतील, राहायची सोय आमच्याकडेच. येण्याआधी एवढंच कळवा: जेवणात काय चालतं?"